तिरुक्कडैयूरला बाबांची साठीशांत

तमिळनाडूत साठी, सत्तरी, ऐंशी करायची म्हटलं की लोक तिरुक्कडैयूर गाठतात. मयिलाडुतुरै जिल्ह्यातलं हे छोटंसं गाव. सोळा वर्षांच्या मार्कंडेयाला न्यायला आलेल्या यमाला शंकराने लाथाडलं ते इथे, असं स्थळपुराण. त्यामुळे आयुष्य मागायला याहून चांगली जागा कुठली!

खरी मेहनत फोनवरच झाली. आपण साठीला तिथी बघतो, तिथले गुरुक्कल, म्हणजे देवळातले पुजारी, सौर महिना आणि जन्मनक्षत्र विचारतात. बाबा ऑगस्ट 1965 च्या अखेरीचे, विश्वावसू संवत्सरातले. साठ वर्षांनी, 2025 मध्ये, विश्वावसू परत आलं. इथवर त्यांचं नि आपलं पंचांग एकच. पण आवणी या तमिळ सौर महिन्यातलं बाबांचं हस्त नक्षत्र निघालं 26 ऑगस्टला. म्हणजे हरतालिका, आणि दुसऱ्या दिवशी गणपती! घरात दोन दिवस खल झाला. शेवटी काका म्हणाले, "दादा, तू बिनधास्त जा, गणपती मी बसवतो."

मग व्हॉट्सॲपवर यादी आली. कलश सोळा की चौसष्ट, गोपूजा, होम, हार, नादस्वरम (तिकडची सनई), जेवण. भाव कलशांवर ठरतो. आम्ही सोळाच घेतले आणि मला त्यात काही कमी वाटलं नाही. गोत्र, रास, नक्षत्र मात्र आधीच लिहून पाठवा. संकल्पाच्या वेळी नातवंडांची नक्षत्रं आठवत बसलात तर मागची मंडळी खोळंबतात. चेन्नईहून मयिलाडुतुरैपर्यंत रेल्वे, पुढे गाडी. मुक्काम देवळाजवळच करावा, कारण सगळं पहाटेच सुरू होतं.

मंडपात पाहावं तिकडे पांढऱ्या केसांचे नवरानवरी, गळ्यात हे जाडजूड हार. एकीकडे होम, शेजारी दुसऱ्याच घरचा फोटोग्राफर. होमानंतर जोडप्याला पाटावर बसवून डोक्यावर चाळणी धरतात आणि घरातले एकेक करून कलशातलं पाणी ओततात. बाबांनी चष्मा काढून माझ्याकडे दिला, तेवढ्यात माझ्या भाच्याने अख्खा कलश उपडा केला. कोरडे कपडे हाताशी ठेवा, खोलीवर नकोत.

मंगळसूत्र पुन्हा बांधायचं असतं, तेही हळदीच्या दोऱ्यात. आईचं काळ्या मण्यांचं. गुरुक्कलांनी ते पाहिलं, हसले आणि म्हणाले, नुसत्या वाट्या द्या. त्या पिवळ्या दोऱ्यात ओवून मध्ये हळकुंड बांधलं. नादस्वरम टिपेला गेलं आणि बाबांना गाठ काही जमेना. शेवटी आत्याने मारली.

नंतर दर्शन: अमृतघटेश्वर म्हणजे इथला शंकर, पायाखाली यम असलेली कालसंहारमूर्ती, मग देवी अभिरामी. महाराष्ट्रातून आलोय म्हटल्यावर गुरुक्कलांनी सरफोजींची गोष्ट काढली. व्यंकोजींचे चिरंजीव, तंजावरचे पहिले सरफोजी. अमावास्येला त्यांनी एका भक्ताला तिथी विचारली, तो देवीच्या ध्यानात पौर्णिमा म्हणाला. राजा चिडला, तेव्हा भक्ताने अंतादी, म्हणजे देवीचं स्तोत्र, गायली आणि अभिरामीने कर्णफूल आकाशात फेकून चंद्र दाखवला. भोसल्यांचा राजा त्यात चुकीच्या बाजूला, हे बाबांना जरा खटकलं.

केळीच्या पानावर सांबार, पायसम, वडे आले. आईचा उपास. वाढप्याला कळेना, आजची नवरी जेवत का नाही. खुणांनी सांगून थकलो तेव्हा त्याने आतून केळ्यांची फणीच आणून तिच्यापुढे ठेवली.