ट्रेलर ब्रेक अपडेट: मॅग्नेट निर्दोष सुटले

लागले एकदाचे ब्रेक! कंट्रोलरचा (ट्रेलरच्या ब्रेकला करंट सोडणारा केबिनमधला डबा) लिव्हर दाबला, पेडलला पाय पण लावला नव्हता, आणि ट्रेलरने मागून पिकअप अशी धरून ठेवली की मी एकटाच गाडीत ओरडलो.

मागचं रडगाणं माहितीच आहे, गेन, म्हणजे ब्रेकच्या जोराचं सेटिंग, शेवटापर्यंत नेला तरी ब्रेक मिळमिळीत आणि खड्ड्यात गेलं की कंट्रोलरच्या स्क्रीनवरून ट्रेलर जोडल्याची खूण मधूनच गायब. जो तो म्हणतोय मॅग्नेट बदल, म्हणजे चाकातले ते विजेवर चालणारे चुंबक जे ब्रेक लावतात. पण चारही सुटे करून मोजले तर प्रत्येकी साडेतीन ओहमच्या आसपास, म्हणजे ठणठणीत. प्लगवर 12 व्होल्ट पूर्ण, कंटिन्युइटीची बीप पण मस्त. डोकं फिरायची वेळ.

गोची अशी की हे सगळं लोड नसताना, म्हणजे मॅग्नेट करंट ओढत नसताना मोजलेलं. एक मॅग्नेट साधारण 3 अँपिअर खातो, चारांचे झाले 12, आणि एवढ्या करंटला वाटेत पाव ओहम जरी आडवा आला तरी अडीच-तीन व्होल्ट तिथेच गळतात, आणि पाव ओहम साध्या मीटरवर कळणार कसा, त्याच्या प्रोबच्या वायरीच जवळपास तेवढ्या भरतात. बीपचं तर काय, वायरीची एकच तार शिल्लक असली तरी ती वाजते. म्हणून मित्राला लिव्हर दाबून बसवलं, एक प्रोब लांब वायर जोडून पिकअपच्या बॅटरीच्या मायनसला, दुसरा ट्रेलरच्या चॅसिसला. 2.7 व्होल्ट! शून्याच्या जवळपास पाहिजे होतं तिथे.

म्हणजे दोष अर्थिंगचा, करंट परत नेणाऱ्या मायनसच्या जोडणीचा. अर्थ वायरचा लग (टोकाची धातूची कडी) ट्रेलरच्या चॅसिसवर चक्क रंगावर कसलेला, खाली हिरवट भुगा. मग करंट परत जात कुठून होता? कपलर आणि हिच बॉलमधून, म्हणजे ट्रेलर पिकअपला जिथे अडकतो तिथून! प्लग तसाच ठेवून जॅकने कपलर वर उचलला तर स्क्रीनवर ट्रेलर गायब. बॉलला ग्रीस लावलं की ब्रेक आणखी रुसायचे, ते का हे आत्ता कळलं.

रंग खरवडून लोखंड चकचकीत केलं, तांब्याचा नवीन लग, स्टार वॉशर. 2.7 चा ड्रॉप आता 0.1 व्होल्ट. त्या आकड्याचा फोटो काढलाय, हसू नका. आणि हार्नेसमधले (वायरींच्या जुडग्यातले) वायरीवर चिमटून बसवायचे ते निळे चावरे कनेक्टर फेकून द्या राव, वायर अर्धी कापतात आणि पाणी आत घेतात ते वेगळंच. नीट क्रिंप करायचं, वर गोंदवाली हीट श्रिंक, विषय संपला.

आता गेन खाली आणतोय कारण रिकाम्या ट्रेलरची चाकं लॉक व्हायला लागलीत. पुढचा नंबर पिकअप मागून बसते त्याचा होता, माल मागे सरकवला की बसणं कमी होईल पण टंग वेट (हिच बॉलवर येणारा भार) ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 टक्क्यांच्या खाली गेलं तर ट्रेलर डुलणार, तेव्हा वजन केल्याशिवाय हात लावत नाही. पण थांबा, लिहिता लिहिता वाटतंय की त्याआधी ॲक्सलच्या नळीतली ब्रेकची वायरच बाहेर काढावी, आत हलून हलून तिचं कव्हर घासतंच, आणि त्यातच प्रत्येक मॅग्नेटची वेगळी अर्थ वायर थेट प्लगपर्यंत, चॅसिसवर भिस्तच नको. हो, तेच आधी. ॲक्सलवरून बाहेरून वायर नेलेल्यांनी क्लिपा कुठल्या लावल्या सांगा, झिप टायवर माझा काडीचा भरवसा नाही.