चेन अपडेट: चोर सापडला, पण खर्च वाढला

मागच्या अपडेटमधली कटकट आठवत असेल. माझ्या मोटरसायकलची चेन एका जागी वर-खाली 22 मिमी हलते, चाक थोडं फिरवलं की थेट 38. मॅन्युअलला हवेत 25 ते 35. एक टोक जमवावं तर दुसरं बिघडतं. या कटकटीचं मूळ परवा कळलं.

पहिला संशय मागच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्रावर. वाकडं असेल, नाहीतर हबवर नीट बसलं नसेल. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. स्प्रॉकेटच्या एका दातावर नेलपॉलिशचा ठिपका दिला (बायकोची परवानगी घेऊन), दुसरा चेनच्या एका कडीवर. मागे 40 दात आणि चेनच्या कड्या 120, म्हणजे चाकाच्या तीन फेऱ्यांत चेनचा एक. स्प्रॉकेट दोषी असतं तर घट्ट जागा प्रत्येक फेऱ्याला आली असती. ती येत होती दर तिसऱ्या फेऱ्याला, आणि प्रत्येक वेळी चेनवरचा ठिपका त्याच जागी. स्प्रॉकेट निर्दोष सुटलं!

मग चेन काढून घासलेटात टाकली. आमच्या गोव्यातल्या डिचोलीचा लाल चिखल तेलात कालवला की त्याचा पॉलिश पेपर होतो, तो ब्रशने घासून काढला. दोन कड्या आखडल्या होत्या, बोटांनी वाकवून मोकळ्या केल्या. एवढ्यावर भागेल असं वाटत होतं, तरी पट्टी लावलीच. माझी चेन 428 मापाची, तिचा पिच (दोन पिनांमधलं अंतर) 12.7 मिमी, म्हणजे नव्या चेनच्या 20 कड्या 254 मिमी भरतात. चेन खिळ्याला टांगून, ताणून मोजली: एका भागात 255, दुसऱ्या भागात 259. अर्धी चेन जवळपास नवी, अर्धी 2 टक्के वाढलेली! वाढलेल्या कड्या दोन स्प्रॉकेटच्या मधे आल्या की चेन लोंबते, स्प्रॉकेटवर चढल्या की आवळते. तिथे चेनचा ताण जुळवणारा अ‍ॅडजस्टर बिचारा काय करणार?

गेल्या पावसात गाडी महिनाभर पडवीच्या कडेला एकाच जागी उभी होती. गंजाचे डाग नेमके वाढलेल्या कड्यांवर आहेत, म्हणून माझा रोख त्यावर आहे.

तोवर चालवायची कशी? आमच्या वाड्यावरचे पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाले) काका, ज्यांची पिवळ्या मडगार्डची गाडी दिवसभर भाडी मारते, म्हणाले, "सैल जागा धरून मापू नको रे. घट्ट जागा धर, नाहीतर गिअरबॉक्सचं बेअरिंग खाशील." तसंच केलं, घट्ट जागी 27. स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) खुणांवर माझा विश्वास नाही, पिव्होटपासून अ‍ॅक्सलपर्यंत दोन्ही बाजूंनी पट्टीने मोजलं. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये फडकं दाबून चाक हाताने फिरवलं, अ‍ॅक्सल अ‍ॅडजस्टरला घट्ट टेकला, मगच नट ओढला. मागचा ब्रेक ड्रमचा, त्यामुळे रॉडही पुन्हा जुळवला. आता सैल जागी खडखड ऐकू येते, पण घाटात जायचं नसेल तर चालेल.

म्हापशातला दुकानदार "नुसती चेन घ्या, स्प्रॉकेट चालतील" म्हणत होता. नको. झिजलेल्या दातांवर नवी चेन म्हणजे पैसे पाण्यात. पूर्ण सेट घेणार, आणि चाक उतरवतोच आहे तर ड्रम रबरही (चाकाच्या हबमधले धक्के झेलणारे रबर) बदलून टाकतो. वंगणाचं म्हणाल तर पावसाळ्यात माझं मत ईपी 90 गिअर ऑइलला. रिमवर उडतं, पुसावं लागतं, पण आत पोहोचतं. महागड्या स्प्रेची पांढरी साय इथल्या एका सरीत निघून जाते.

हे लिहिता लिहिता सुचलं: साधी चेन घेण्यापेक्षा ओ-रिंगवालीच (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली) का नको? ग्रीस पिनांच्या आत बंद राहतं, खारी हवा आणि पाऊस बाहेर. फक्त ती रुंद असते, आणि माझ्या चेन कव्हरमध्ये जागा बेताचीच आहे. दीडशे सीसीवर कुणी 428 ओ-रिंग बसवली असेल तर सांगा, कव्हरला किंवा पुढच्या स्प्रॉकेटच्या केसिंगला घासते का? गणेश चवथीच्या आधी सेट घ्यायचा आहे, त्यानंतर दुकानं उघडायची वाट बघत बसावं लागेल.