तुम्ही विचारलंत म्हणून: ऑनलाइन लढाई लागली की मुलं गळतात, काय करायचं?

प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: ९ ते १३ वयाची पाच मुलं ऑनलाइन डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन गोष्ट खेळायचा फाशांचा खेळ) खेळतात. गोष्ट चालू असते तोवर मजेत असतात, पण लढाई लागली की तासभर संपत नाही आणि दोघं-तिघं मध्येच गप्प होतात. नियम सोपे करावेत का?

नियमांना हात लावण्याआधी घड्याळ बघा. पाच मुलं आणि डीएम (गोष्ट सांगणारा आणि शत्रू चालवणारा, म्हणजे तुम्ही), प्रत्येकाने ३ मिनिटं घेतली तर एका मुलाचा टर्न संपून पुन्हा येईपर्यंत १५ मिनिटं जातात. समोरासमोर बसलेलं मूल तेवढ्या वेळात फासे रचतं, शेजारच्याच्या कागदात डोकावतं. स्क्रीनसमोरच्या मुलाला दुसरी टॅब एका क्लिकवर असते. प्रत्येकाचं १ मिनिटात उरकलं तर ५ मिनिटांत पुन्हा त्याचा टर्न, आणि तीन-चार फेऱ्यांची साधी लढाई २५ मिनिटांच्या आत संपते. मुलांना नियम समजतात हो, वाट बघवत नाही. पुढचं सगळं त्या वाट बघण्याला कात्री लावण्यासाठी आहे. आकडे डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांतले आहेत.

अर्धी लढाई खेळाच्या आदल्या दिवशी जिंकायची असते. पूर्ण कॅरेक्टर शीट (पात्राची सगळी माहिती असलेला कागद) मुलाला दाखवू नका, निदान लढाईत नको. तीन ओळींचं कार्ड द्या: कशाने मारतोस, दुसरं काय करू शकतोस, किती चौकोन चालतोस. 'तलवार: २० चा फासा (२० बाजूंचा) अधिक ५, लागली तर ८ चा फासा अधिक ३.' चालणं फुटांत लिहू नका. ३० फूट म्हणजे ६ चौकोन, ड्वार्फचे (बुटक्या जातीच्या पात्राचे) २५ फूट म्हणजे ५. हा भागाकार दर टर्नला कशाला करायला लावायचा? जादूगाराच्या कार्डावर तीनच मंत्र. शीटमध्ये आठ असले तरी कार्डावर तीनच, कारण आठ मंत्र वाचणारं मूल आठही वाचतं, तेही मोठ्याने.

मग फासे. मारण्याचा आणि इजेचा फासा एकाच बटणावर ठेवा. रोल२० या ऑनलाइन खेळायच्या साइटच्या शीटमध्ये इजेचा फासा आपोआप पडण्याची सेटिंग आहे. फाउंड्री या तशाच सॉफ्टवेअरमध्येही अशी सोय करता येते. वार चुकला तर इजेचा आकडा सोडून द्यायचा. घरचे फासे वापरायचा हट्ट कोणीतरी धरतंच. कॅमेरा बंद असताना तिसऱ्यांदा २० पडले की भांडण ठरलेलं, म्हणून पहिल्या दिवसापासून सगळ्यांचे फासे स्क्रीनवरच. बटण दोनदा दाबलं गेलं तर पहिला आकडा धरायचा, हेही आधीच सांगून ठेवा.

नकाशा २० बाय १५ चौकोनांपेक्षा मोठा नको. फोनवर खेळणारं मूल मोठ्या नकाशात स्वतःचं टोकनच (पात्राची सोंगटी) शोधत बसतं. प्रत्येकाला फक्त स्वतःचं टोकन हलवण्याची परवानगी द्या, नाहीतर 'मी नाही हलवलं' यात दोन मिनिटं जातात. चार गॉब्लिन (बुटके, दुबळे शत्रू) असतील तर त्यांच्यावर १ ते ४ आकडे टाका; 'तो डावीकडचा, नाही, त्याच्या मागचा' हे संभाषण फारच महाग पडतं. शत्रू तीन किंवा कमी असतील तर नकाशाच काढू नका. जवळ, लांब, खूप लांब, एवढं पुरतं.

इनिशिएटिव्हसाठी (कोणाचा टर्न आधी ते ठरवायला) सगळ्या गॉब्लिनांचा मिळून एकच फासा टाका. एकसारख्या शत्रूंसाठी पुस्तकातला नियमही तोच आहे. क्रम सगळ्यांना दिसेल असा ठेवा आणि दर टर्नला दोन नावं घ्या: 'आता तू, तिने तयार राहायचं.' माझ्या मते या सगळ्या लेखातली सर्वांत फायद्याची सवय हीच, आणि तिला खर्च शून्य. पुढच्या मुलाचा विचार आधीच्या मुलाच्या टर्नमध्ये उरकतो. क्रम पुकारण्याचं काम तुमच्याकडेच असलं पाहिजे असं नाही. सर्वांत चुळबुळ्या मुलाकडे द्या.

टर्न चालवताना तीनच प्रश्न, याच क्रमाने: कुठे जातोस? काय करतोस? अजून काही? हालचाल, अ‍ॅक्शन आणि बोनस अ‍ॅक्शन त्यात येऊन जातात, नावं पाठ करावी लागत नाहीत. रिअ‍ॅक्शन (समोरच्याच्या कृतीला लगेच दिलेलं उत्तर) मात्र मुलं विसरतात, कारण ती दुसऱ्याच्या टर्नमध्ये येते. तिची आठवण तुम्ही करून द्या: 'गॉब्लिन २ तुझ्याजवळून पळतोय, मारायचंय?' एका फेरीत एकदाच, एवढं सांगितलं की झालं.

मूल अडकलं तर टायमर लावू नका. टायमरने अडकलेलं मूल आणखी अडकतं. दोन पर्याय समोर ठेवा: 'समोरच्याला मारतोस की मैत्रिणीजवळ जातोस?' तरी सुचत नसेल तर 'विचार कर, तिचं झालं की तुझं' म्हणून पुढे जा. टर्न कापायचा नाही, फक्त मागे सरकवायचा. पाचव्या आवृत्तीत असा टर्न सरकवायचा नियम नाही; खुशाल वापरा.

सर्वांत जास्त चुका होतात त्या शत्रू निवडण्यात. गॉब्लिनचा आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १५. अधिक ५ वाल्या मुलाला १० किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे वार लागण्याची शक्यता ५५ टक्के. सलग दोन टर्न वार फुकट जाण्याची शक्यता जवळपास २० टक्के: दर पाचातलं एक मूल दोन फेऱ्या नुसतं 'हुकलं' ऐकतं. आर्मर क्लास १३ असला तर वार लागण्याची शक्यता ६५ टक्क्यांवर जाते. सांगाड्याचा १३च आहे, एचपीही (किती इजा सोसतो तो आकडा) १३, आणि गदा-हातोड्याने त्याला दुप्पट इजा होते. मुलांना हे शोधून काढायला आवडतं. झॉम्बी मात्र फसवा. आर्मर क्लास ८, म्हणजे जवळजवळ प्रत्येक वार लागणार, पण एचपी २२ आणि शून्यावर आल्यावरही फासा टाकून तो १ एचपीवर उभा राहू शकतो. दोन झॉम्बींनी लढाई गॉब्लिनांपेक्षा लांबते.

दुसरं टोक म्हणजे एकच दांडगा राक्षस. पहिल्या लेव्हलच्या पोरांसमोर ओगर उभा करायचा मोह आवरा. त्याच्या गदेची इजा ८ चे दोन फासे अधिक ४. एचपी ७ असलेल्या जादूगाराला एका फटक्यात १४ बसले तर ७ शून्यापर्यंत जातात, उरलेले ७ त्याच्या पूर्ण एचपीइतके, आणि नियमाप्रमाणे तो जागीच मरतो. वार लागला तर असं होण्याची शक्यता जवळजवळ ४४ टक्के आहे. दहा वर्षांच्या मुलाचं पात्र पहिल्याच फेरीत असं गेलं तर उरलेला तास तो काय करणार? पाच मुलांसमोर चार कमजोर शत्रू हे प्रमाण ठीक. त्यांच्या इजेचे फासे टाकू नका, पुस्तकातली सरासरी घ्या. गॉब्लिनची ५. दर वारामागे काही सेकंद वाचतात आणि आकडाही झेपणारा राहतो.

तरीही कोणीतरी शून्य एचपीवर येऊन पडणारच. पडलेल्या मुलाच्या टर्नमध्ये एकच फासा असतो: १० किंवा जास्त म्हणजे यश, तीन यशांनी जीव स्थिर होतो, तीन अपयशांनी जातो, २० पडले तर १ एचपी घेऊन शुद्धीवर. एवढ्या कामासाठी पूर्ण फेरी थांबणं शिक्षाच आहे. म्हणून प्रत्येकाकडे सुरुवातीपासून एक हीलिंग पोशन असू द्या, ४ चे दोन फासे अधिक २ इतके एचपी परत देणारं, आणि दुसऱ्यालाही पाजता येतं हे कार्डावर लिहा. पडलेल्या मुलाला तोवर एक गॉब्लिन चालवायला द्या. मुलं आपल्याच मित्रांवर डीएमपेक्षा निर्दयपणे तुटून पडतात, तेवढी तयारी ठेवा.

आगीचे मंत्र हा वेगळाच उद्योग. बर्निंग हँड्स १५ फुटांच्या शंकूत जाळतो, मित्र-शत्रू पाहत नाही. फासा टाकण्याआधी शंकू नकाशावर काढून दाखवा आणि आत कोण सापडतंय ते मोठ्याने सांगा. त्यानंतरही मूल 'चालेल' म्हणालं तर जळलेल्याशी त्याचं त्याने निस्तरावं.

आवाजाबद्दल थोडंसं. एकाच वेळी दोघं बोलली की कॉलमध्ये एकाचा आवाज दाबला जातो, आणि दबणारं मूल बहुतेक तेच असतं जे मुळात हळू बोलतं. त्याला चॅटमध्ये लिहायची मुभा द्या, आणि लिहिलेलं तुम्ही वाचून दाखवा. डिस्कॉर्ड या बोलण्या-चॅटच्या अ‍ॅपला किमान वय १३ आहे. त्याखालची मुलं असतील तर पालकांच्या खात्यावरून साधा व्हिडिओ कॉल लावा, नकाशा वेगळ्या टॅबमध्ये.

निकाल स्पष्ट झाला की लढाई थांबवा. चारातले तीन गॉब्लिन पडल्यावर चौथ्याने सातही एचपी संपेपर्यंत का लढावं? तो पळेल, नाहीतर शस्त्र टाकेल. शस्त्र टाकलेलं बरं, कारण मग त्याला प्रश्न विचारायला पाचही जण एकदम बोलायला लागतात.

आणि नेट गेलं तर? त्या पात्राने डॉज घेतला असं धरायचं: पुढच्या टर्नपर्यंत त्याच्यावरचे वार दोन फाशांतल्या कमी आकड्याने. दोन फेऱ्यांत मूल परत आलं नाही, तर कार्डावरची पहिली ओळ शेजारच्या क्रमांकाचं मूल खेळतं. पोशन आणि मंत्र त्याने वापरायचे नाहीत. परत आलेल्याला काय काय झालं ते एका वाक्यात सांगा, आणि पुढचा टर्न त्यालाच द्या, क्रमात कुठेही असला तरी.