दोन सेंटर असतील तर 48 मिनिटं कशी वाटावीत

बास्केटबॉलमध्ये सेंटरच्या (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या) रोटेशनचा, म्हणजे कोण किती वेळ खेळणार याचा, विषय निघाला की चर्चा ‘पहिल्या पाचात कोण’ यावरच अडकते. त्याने फार तर पहिली पाच-सहा मिनिटं ठरतात. खरा प्रश्न वेगळा आहे: दोन्ही उंच खेळाडू एकत्र किती वेळ खेळवायचे आणि त्याची किंमत कुठे मोजायची? एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या 2024-25 च्या ओक्लाहोमा सिटी थंडरकडे पाहिलं की हे चांगलं कळतं.

त्यांच्याकडे चेट होमग्रेन आहे, 7 फूट 1 इंच. तो बाहेरून थ्री (कमानीबाहेरून तीन गुणांचा शॉट) मारतो आणि मदतीला येऊन ब्लॉक करतो, म्हणजे समोरच्याचा शॉट अडवतो. दुसरा आयझया हार्टेनस्टाइन, 7 फूट. तो थ्रीच्या भानगडीत पडत नाही, पण त्याची स्क्रीन (साथीदाराच्या बचावपटूची वाट अडवणं) भक्कम असते, आठ-दहा फुटांवरून तो अलगद फ्लोटर (उंच हलका शॉट) टाकतो आणि हाय पोस्टवरून, म्हणजे फ्री थ्रो रेषेजवळून, पास देतो. तिसरा सेंटर जेलिन विल्यम्स. हा जेलन विल्यम्स नव्हे, तो त्यांचा फॉरवर्ड.

आता 48 मिनिटांच्या सामन्याचा हिशेब. होमग्रेनला 30 आणि हार्टेनस्टाइनला 26 मिनिटं दिली तर झाली 56. त्यातली 14 एकत्र खेळवली, तर दोघांपैकी निदान एक जण कोर्टवर असतो 42 मिनिटं. उरलेली 6 तिसऱ्याला. एकत्रची मिनिटं 20 केली, तर ही 42 ची 36 होतात आणि तिसऱ्यावर 12 मिनिटं येऊन पडतात. म्हणजे दोघांची जोडी हा खर्च आहे, आणि तो दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला, बेंचची पाच जणं खेळत असताना वसूल होतो. जोडी चालतेय म्हणून कोच दोन मिनिटं वाढवतो आणि पुढच्या क्वार्टरमध्ये रिम (बास्केटची कडी) उघडा पडतो. ही चूक वारंवार दिसते.

मी अर्धा सामना असा मांडेन. पहिल्या क्वार्टरमध्ये 12:00 ते 6:30 (घड्याळ 12 मिनिटांपासून उलटं चालतं) दोघं एकत्र. एनबीएत घड्याळ सातच्या खाली आल्यावर आणि तीनच्या खाली आल्यावर सक्तीचा टाइमआउट असतो, त्यामुळे बदल तिथेच बसवायचे. 6:30 ला होमग्रेन बाहेर, हार्टेनस्टाइन एकटा 3:00 पर्यंत. मग अदलाबदल. होमग्रेन एकटा क्वार्टर संपेपर्यंत आणि दुसऱ्या क्वार्टरच्या 9:00 पर्यंत, सलग 6 मिनिटं. 9:00 ते 6:00 जेलिन विल्यम्स. 6:00 ला हार्टेनस्टाइन परत, 3:30 ला होमग्रेन त्याच्या जोडीला, 2:00 ला हार्टेनस्टाइन बाहेर. बेरीज करून पाहा: होमग्रेन 15, हार्टेनस्टाइन 13 आणि जेलिन विल्यम्स 3, जोडी एकत्र 7. दुसऱ्या हाफमध्ये हेच, फक्त शेवटची सहा मिनिटं मोकळी ठेवायची.

होमग्रेनला बेंचच्या पाचांबरोबर ठेवण्यामागे कारण आहे. दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला थंडरचा मुख्य खेळाडू शे गिल्जस-अलेक्झांडर विश्रांती घेत असेल, तर चेंडू जेलन विल्यम्सच्या हातात असतो. त्याला आत घुसायला जागा हवी. थ्री मारणारा सेंटर कमानीबाहेर उभा राहिला की समोरच्या सेंटरला रिम सोडून बाहेर यावंच लागतं. हार्टेनस्टाइन असेल तर तो सेंटर खालीच ठाण मांडून बसतो.

कागदावरचं वेळापत्रक बिघडतं ते शिट्टीमुळे. चेंडू डेड झाल्याशिवाय बदल होत नाही. सलग दोन मिनिटं शिट्टी वाजलीच नाही, तर सहा मिनिटांचा स्टिंट (सलग खेळण्याची पाळी) आठचा होतो, आणि दमलेला सेंटर सगळ्यात आधी ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे चेंडू हातबदल झाल्यावर धावताना, मागे राहतो. म्हणून आत येणाऱ्याला ठरलेल्या वेळेच्या मिनिटभर आधीच स्कोअरर टेबलपाशी पाठवावं. वरच्या मांडणीत हार्टेनस्टाइन घड्याळातली 9 मिनिटं बसतो, पण टाइमआउट आणि क्वार्टरमधली सुट्टी धरली की प्रत्यक्षात वीसेक मिनिटं होतात. परत येण्याआधी त्याला सायकलवर पाय हलवायला लावलं नाही तर पहिले दोन रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडायचे चेंडू) हातातून जातात.

फाउलचं म्हणाल, तर पहिल्या क्वार्टरमध्ये दोन झाले की हाफपर्यंत बसवण्याची जुनी पद्धत दोन सेंटर असताना गरजेची नाही. दोन फाउलवाल्याची पाळी पुढे ढकला आणि त्याची एकत्रची मिनिटं कापा. एकट्याची मिनिटं शक्यतो राखा. त्याहून चांगला उपाय म्हणजे सेंटरवर थेट जबाबदारीच न टाकणं. 2025 च्या प्लेऑफच्या (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) दुसऱ्या फेरीत डेन्व्हरविरुद्ध सातव्या सामन्यात थंडरने त्यांचा सेंटर निकोला योकिचवर 6 फूट 5 इंचांचा अॅलेक्स करुसो लावला. तो पुढून अडवत होता आणि थंडरचा सेंटर मागे मदतीला मोकळा होता. थंडर 125-93 ने जिंकले. योकिचशी रेटारेटी करून फाउल खाण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

शेवटची सहा मिनिटं समोरच्या संघावर ठरतात. समोर माइल्स टर्नरसारखा थ्री मारणारा सेंटर असेल, तर होमग्रेन एकटा. ह्यूस्टनने स्टीव्हन अॅडम्स आणि अल्पेरेन शेंगून हे दोन सेंटर एकत्र आणले, तर आपले दोघं लागतातच, नाहीतर त्यांचे ऑफेन्सिव्ह रिबाउंड (स्वतःच्याच हुकलेल्या शॉटचे) थांबत नाहीत. पण समोर शूटर सेंटर आहे एवढ्यावरून सगळा सामनाच छोट्या पाचांनी (एकाच सेंटरसह) खेळणं मला पटत नाही. इंडियानाविरुद्धच्या अंतिम मालिकेत थंडरचा कोच मार्क डेगनॉल्टने पहिल्या सामन्यात हार्टेनस्टाइनच्या जागी गार्ड (कमी उंचीचा, चेंडू हाताळणारा) केसन वॉलेसला सुरुवातीला उतरवलं. रिबाउंडमध्ये थंडर 56-39 ने मागे पडले आणि 0.3 सेकंद उरले असताना इंडियानाच्या हॅलिबर्टनच्या बास्केटवर 111-110 ने हरले. मालिकेत 2-1 ने मागे असताना चौथ्या सामन्यात हार्टेनस्टाइन पहिल्या पाचात परतला. तो सामना 111-104 ने जिंकला. फरक एकट्या त्याच्यामुळे पडला असं मी म्हणणार नाही. पण जोडीची मिनिटं थोडी तरी राखून ठेवायलाच हवीत.

प्लेऑफमध्ये सुट्ट्या जास्त, त्यामुळे आकडे ताणता येतात: 34 आणि 30, एकत्र 16, तिसऱ्याला शून्य. 82 सामन्यांच्या हंगामात हे करू नये. हार्टेनस्टाइनचा हात हंगामाआधीच मोडला, 10 नोव्हेंबर 2024 ला होमग्रेनच्या कमरेचं हाड मोडलं, जेलिन विल्यम्सही जायबंदी होता. 20 नोव्हेंबरला हार्टेनस्टाइन उतरेपर्यंत 6 फूट 5 इंचांचा जेलन विल्यम्स सेंटर खेळला. तिसऱ्याला रोज सहा मिनिटं मिळायला हवीत ती याचसाठी. शिवाय सलग दोन रात्री सामने असतील तर दुखापतीतून आलेल्याला एकच रात्र खेळवावं.

फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी खेळणाऱ्या आपल्याकडच्या संघांनी हे जसंच्या तसं उचलू नये. तिथे सामना 40 मिनिटांचा, पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर आणि सक्तीचे टाइमआउट नाहीत. 25 आणि 20, एकत्र 9, तिसऱ्याला 4 इथून सुरुवात करा, आणि बदल घड्याळातल्या नेमक्या वेळेऐवजी ‘सहानंतरची पहिली शिट्टी’ असे लिहून ठेवा.