तुम्ही विचारलंत म्हणून: स्पीकरच्या पेटीला लाकूड कुठलं?

महिन्यातून एखादा तरी फोन येतोच. पलीकडे बहुतेक वेळा पंचविशीतला मुलगा असतो, क्वचित मुलगी. ‘काका, बाराचा स्पीकर घेतलाय. त्याला कॅब करायचीय. लाकूड कुठलं वापरू?’ बाराचा म्हणजे बारा इंची, आणि कॅब म्हणजे गिटारच्या स्पीकरची पेटी. (आमच्या घरात ‘कॅब आली का?’ या प्रश्नाचे दोन अर्थ होतात. एकदा पाहुणे टॅक्सीची वाट बघत खाली उभे राहिले होते.)

मी हौशी माणूस. निवृत्तीनंतर हा नाद लागला. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून फळ्या आणायच्या, मिस्त्रींकडून मापात कापून घ्यायच्या, बाकीची ठोकाठोक गच्चीवर. तीसेक पेट्या झाल्या असतील. तेवढ्या अनुभवावर सांगतो: लाकडाचं उत्तर देईन, पण शेवटी. पेटीमुळे आवाजात जो फरक पडतो त्यात लाकूड माझ्या हिशेबी तिसरं. पहिली पाठ, म्हणजे मागची बाजू उघडी की बंद. दुसरा आकार. पाठीबद्दल आजवर मला दोघांनी विचारलं असेल. लाकडाबद्दल सगळे विचारतात.

माझीही सुरुवात लाकडापासूनच झाली होती. वडिलांच्या जुन्या कपाटाच्या सागवानी फळ्या पडून होत्या. सागवान म्हणजे उत्तम लाकूड, त्याची पेटी उत्तमच वाजणार, असा सरळ हिशेब. 40 सेंटिमीटर उंच, 40 रुंद, 22 खोल. चारी बाजूंनी बंद, सांध्यांत सरस भरून, मुंगी आत जाणार नाही अशी. पॉलिशसुद्धा केलं. आणि वाजवली तर आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. त्यातही गंमत अशी, की पाचवी तार मोकळी छेडली की तो एकच स्वर भस्सकन बाहेर यायचा आणि त्याच्या खालची सहावी तार मात्र पोटात दुखत असल्यासारखी बारीक बोलायची. मी आठवडाभर अँपच्या, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणाऱ्या अँम्प्लिफायरच्या, बटणांना दोष देत होतो.

झालं होतं ते असं. स्पीकरचा कागदी कोन पुढे जातो तेव्हा समोरची हवा दाबतो आणि त्याच क्षणी मागची हवा ओढतो. म्हणजे तो एक आवाज पुढे काढतो आणि त्याचाच नेमका उलटा आवाज मागे. मागचा भाग बंद केला की त्या उलट्या आवाजाला जायला जागा नाही, आणि आतली कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून दांडा ढकलून बघा, तीच ही स्प्रिंग. पेटी जितकी लहान तितकी ती ताठ. गिटारच्या बाराच्या बऱ्याच स्पीकरांची स्वतःची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे ज्या स्वराला कोन सगळ्यात सहज हलतो ती, 75 हर्ट्झच्या आसपास असते. कोनाच्या कडेला जेवढा ताण आहे तेवढाच आतल्या हवेनं आणखी दिला, तर ती वारंवारता 1.41 पट होते, म्हणजे सुमारे 106. गिटारची सहावी तार 82 हर्ट्झला बोलते आणि पाचवी 110 ला. आता माझ्या पेटीत पाचवी का ओरडत होती आणि सहावी का गप्प होती, ते कळलं असेल. उंची-रुंदी सारखी ठेवणं हा वरचा शहाणपणा. 40 सेंटिमीटरवर समोरासमोर असलेल्या दोन भिंतींमध्ये 430 हर्ट्झच्या आसपास आवाज येरझाऱ्या घालत घुमतो. दोन्ही मापं एकच, म्हणून दोन्ही जोड्या एकाच ठिकाणी घुमत होत्या. रांजण तिथून आला होता. सागवानाचा त्यात काडीचा दोष नव्हता.

शेवटी एका रविवारी वैतागून मागची फळी उचकटली, करवतीनं तिचे आडवे तीन तुकडे केले आणि मधला सोडून वरचा-खालचा परत बसवला. तोच स्पीकर, तेच सागवान. आवाज मोकळा झाला. खालचा जोर कमी झाला, पण आवाज खोलीभर पसरला. मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आला आणि म्हणाला, ‘नवीन घेतलात का?’

पाठ उघडी ठेवल्यावर खालचे स्वर कमी का होतात, ते समजायला टबात पाणी घ्या आणि त्यात एक ताट उभं धरा. ताट हळूहळू पुढे-मागे हलवलं तर पाणी कडेवरून वळून मागे जातं, लाट अशी उठतच नाही. झटक्यानं हलवलं तर पाण्याला वळायला सवड मिळत नाही, लाट पुढे जाते. खालचे स्वर म्हणजे हळू हलणारं ताट. 82 हर्ट्झची एक लाट हवेत चार मीटरपेक्षा लांब असते. हात-दीड हात रुंदीच्या पेटीला वळसा घालून मागची उलटी लाट पुढे येते आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. वरचे स्वर वाचतात. म्हणून उघड्या पाठीचा आवाज वरून चमकदार, खालून सैल. शिवाय तो मागेही तितकाच जातो, त्यामुळे मागे बसलेल्या ड्रमरला गिटार ऐकू येते. आणि भिंत हा पेटीचाच एक भाग होऊन बसतो. भिंतीला चिकटवून ठेवा, मग हातभर पुढे ओढा. दोन वेगळ्या पेट्या वाटतील. आपल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत हे फार जाणवतं. पैसे खर्च करायच्या आधी मी सगळ्यांना पेटी सरकवायला लावतो, आणि निम्म्यांचं काम तिथेच होतं.

दोन्ही पद्धतींची घराणी जुनी आहेत. कॅलिफोर्नियातल्या फेंडरचे अँप 1950 च्या दशकात पाइनच्या फळ्यांचे, बोटं गुंतवल्यासारखे सांधे असलेले आणि मागून उघडे असायचे. स्पीकर ज्या पुढच्या फळीवर बसतो ती पातळ प्लायची, सगळीकडून आवळून न बसवलेली, त्यामुळे तीही थोडी वाजायची. त्यांचा बॅसमन हा अँप, 1959 च्या सुमाराचा, खरं तर बेस गिटारसाठी केलेला. त्यात दहा इंची चार स्पीकर आणि पाठ उघडी. बेससाठी उघडी पाठ! वर सांगितलेलं ताट आठवा. गिटारवाल्यांनी मात्र तो उचलून धरला.

मग 1962 साली पश्चिम लंडनमधल्या हॅनवेल इथे जिम मार्शल यांच्या दुकानात त्याच बॅसमनच्या सर्किटवरून एक अँप बांधला गेला. मार्शल स्वतः ड्रमर, ड्रम शिकवणारे. सर्किट जवळजवळ तेच. पण ट्रान्सफॉर्मर वेगळे, पुढे व्हॉल्व्हही (अँपमधल्या काचेच्या नळ्या) बदलले, स्पीकर अमेरिकन जेन्सनऐवजी इंग्लिश सेलेशन, आणि पेटी? बारा इंची चार स्पीकर, पाठ पूर्ण बंद. त्या काळचे ते स्पीकर 15-20 वॅटचे. दोनांवर सगळा जोर टाकला तर ते फाटायचे, म्हणून चार. आणि त्या पेटीचं माप? चार स्पीकर मावतील एवढी लहानात लहान पेटी, बस. मार्शल हे मोकळेपणानं सांगत, आणि वरचा अर्धा भाग तिरका केला तो दिसायला बरं म्हणून, हेही. जगभरच्या रॉक गिटारचा आवाज ज्या पेटीनं ठरवला तिचं माप कुठल्या ध्वनिशास्त्रज्ञानं काढलेलं नाही. मला ही गोष्ट फार आवडते. आकडेमोड करून करून डोकं दुखायला लागलं की मी ती आठवतो.

सर्किट एक असून बॅसमन आणि मार्शल एका कुळातले वाटत नाहीत. सगळं श्रेय पेटीला देणं चूक होईल, स्पीकरचा वाटा मोठा आहे. पण बंद पाठीत कोन आवरलेला राहतो, खालच्या तारांवर हाताची कड ठेवून वाजवलं की ‘धग्, धग्’ असा छातीवर बसणारा ठोका मिळतो. उघड्या पाठीत तोच ठोका विरघळतो. हेवी वाजवणारा मुलगा असेल तर मी पुढचं काही विचारत नाही, पाठ बंद.

आता आकार. ‘पेटी मोठी केली की आवाज मोठा होतो का?’ स्पीकर एकच राहणार असेल तर नाही. जागा वाढली की हवेची स्प्रिंग सैल होते, खालचे स्वर मोकळे होतात, इतकंच. स्पीकर वाढवले की मात्र चित्र बदलतं. वॅट तेवढेच ठेवून एकाच्या जागी दोन शेजारी शेजारी बसवले, तर खालच्या स्वरांत ते एकमेकांना हात देतात आणि तिथे साधारण 3 डेसिबल जास्त मिळतात. चारांत आणखी तेवढेच. चारच्या पेटीचं भारदस्तपण बरंचसं इथलं. फक्त ओहम, म्हणजे स्पीकरचा विद्युत रोध, अँपशी जुळवा. सोळा ओहमचे चार दोन-दोनांच्या जोड्या करून जोडले की एकूण पुन्हा सोळाच येतात, ही त्यातली सोय.

वरच्या स्वरांचं वेगळंच दुखणं. बारा इंची कोन ते टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर फेकतो. पेटी जमिनीवर, तुम्ही उभे, म्हणजे झोत तुमच्या पोटऱ्यांवर. तुम्हाला आवाज मऊ वाटतो, म्हणून तुम्ही ट्रेबल वाढवता, आणि समोर पहिल्या रांगेत बसलेल्या बिचाऱ्यांचे कान कापले जातात. दोन स्पीकरची पेटी असेल तर ती उभी ठेवून बघा, एकावर एक येतील अशी. आडव्या ठेवण्यापेक्षा आवाज डावी-उजवीकडे चांगला पसरतो. याला एक रुपयाही लागत नाही. तरी लोक आडवीच ठेवतात, कारण वर अँप ठेवायला जागा बरी मिळते. द हू या इंग्लिश रॉक बँडचे गिटारवादक पीट टाउनझेंड यांनी 1965 मध्ये आठ स्पीकरची अखंड पेटी करून घेतली होती. उचलणाऱ्यांनी हात टेकले, मग तिचे चार-चारचे दोन तुकडे करून एकावर एक ठेवायची रीत पडली. स्टेजवरची ती प्रसिद्ध चळत हमालांच्या पाठदुखीतून आली आहे. चारची एक पेटीसुद्धा 35 किलोच्या आसपास भरते. माझ्याकडे चारची मागणारा आला की मी आधी विचारतो, कितवा मजला?

आणि लाकूड. विसरलेलो नाही.

एकदा एक गृहस्थ म्हणाले, ‘मिरजेच्या तानपुऱ्यासारखंच ना? भोपळा चांगला तर नाद चांगला.’ मला उपमा आवडली, पण ती अर्धीच लागू पडते. तानपुऱ्यात तारेचं कंपन घोडीवरून तबलीत उतरतं आणि तबली-भोपळा मिळूनच आवाज करतात. ते नसतील तर नुसती तार कुणाला ऐकू जाणार? इथे आवाज कोन करतो. फळ्या हलल्या तर त्या जोडीला थोडं बोलतात, बस. घरच्या गाण्याच्या स्पीकरमध्ये तेवढंही नको असतं, म्हणून तिथे जाड एमडीएफ आणि आत कापूस कोंबलेला. गिटारची पेटी या दोघांच्या मधली. तिला थोडी बडबड शोभते, किती ते ज्याच्या त्याच्या आवडीवर.

पाइन हलकं आणि बोलकं. फळी वाजते, आवाजाला जरा ऊब येते. उघड्या पाठीला मला पाइनच आवडतं, आणि परदेशी मालाच्या पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन आपल्याकडे स्वस्तात मिळतं. गाठी बघून घ्या, आणि ओलं नाही ना ते. बर्च प्लाय ताठ, सांध्यात स्क्रू घट्ट धरतं. बंद पेटीला तेच, 18 मिलिमीटरचं, आमच्या मिस्त्रींच्या भाषेत सहा सूत. बर्च महाग वाटलं तर चांगलं मरीन प्लाय घ्या, पण विकत घेताना कडेनं थरांत पोकळ्या दिसतात का बघा. पोकळी असली की एखाद्या स्वराला फळी खरखरते आणि तुम्ही स्पीकर फाटला म्हणून रडत बसता. एमडीएफ वाजायला वाईट नाही. मुकं आहे आणि जड आहे. पार्टिकल बोर्ड मात्र आपल्या हवेत नको. गोव्याच्या एका मित्राची पेटी दोन पावसाळ्यांत स्क्रूभोवती अशी फुगली की स्पीकर हातानं हलत होता. सागवान? कपाट करा.

बाकी पुढची फळी पक्की बसवा. मोठ्या पेटीत पुढच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये एक उभी पट्टी द्या, नाहीतर मागची फळी ढोलासारखी वाजते. रेक्झीन कुठल्याही रंगाचं लावा. माइक जाळीच्या कापडाला टेकवून रेकॉर्डिंग करणार असाल तर खोलीचा परिणाम बहुतेक जातो, पेटीचा सगळा जात नाही. बंद आणि उघडी पाठ तिथेही कळते. पाइन आणि बर्च ओळखणारा अजून मला भेटायचाय. मीही डोळे बांधून दोनदा चुकलोय.

परवा ज्याचा फोन आला होता त्याला हे सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘म्हणजे बर्च घेऊ ना?’ मी म्हटलं, घे. फक्त मागची फळी सरसानं चिकटवू नकोस, तीन तुकडे करून स्क्रूवर बसव. काल रात्री साडेदहाला त्यानं दोन रेकॉर्डिंग पाठवली, एक तिन्ही तुकडे लावून, एक मधला काढून. खाली लिहिलं होतं: ‘दुसऱ्याला शेजारचे आले.’