तुम्ही विचारलंत म्हणून: पार्शल कवळी मशीनची की हाताची?

डेंटल लॅबमध्ये काम करतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. पार्शल म्हणजे काही दात गेल्यावर उरलेल्या दातांना धरून बसणारी कवळी. पेशंट विचारतात, नातेवाईक विचारतात, नवे डॉक्टरही विचारतात. ‘केसवर अवलंबून आहे’ म्हटलं की समोरच्याला वाटतं, हा टाळतोय. टाळत नाही. आज नीटच सांगतो.

मशीनची म्हणजे हात न लागलेली, हे आधी डोक्यातून काढा. लेझर क्रोम-कोबाल्ट या मिश्रधातूची पूड थरावर थर वितळवत फ्रेम, म्हणजे कवळीचा धातूचा सांगाडा, उभी करतो, पण ती निघते खरखरीत. धातूतला ताण जावा म्हणून ती भट्टीत तापवायची, मग आधाराच्या काड्या तोडायच्या आणि पॉलिश हातानेच. क्लास्प, म्हणजे दाताला पकडणारा आकडा, दाताच्या फुगवट्याखाली जेमतेम ०.२५ मिमी शिरतो. पॉलिश करताना आतून जास्त घासला तर पकड गेली. हाताच्या पद्धतीत मेणाची फ्रेम करून धातू ओततात. धातू गार होताना दोन टक्क्यांच्या वर आकसतो, ते साच्याच्या प्रसरणातून भरून काढावं लागतं. ओतकामात आत पोकळी राहिली तर बऱ्याचदा क्लास्प तुटल्यावरच कळतं.

आता एक केस सांगतो. खालचा जबडा, दोन्हीकडच्या दाढा गेलेल्या, मागे आधाराला एकही दात नाही. डॉक्टरांनी तोंडात स्कॅनर फिरवून फाइल पाठवली, आम्ही लेझरवर फ्रेम केली. दातांवर अशी बसली की कुठे फट नाही. दात लावून कवळी गेली आणि डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. त्यांनी मागच्या भागावर बोट ठेवून दाबलं. तो भाग हिरडीत खाली गेला आणि पुढे सुळ्यावर टेकलेला रेस्ट, म्हणजे फ्रेमचा टेकू, वर उचलला गेला. पेशंट बाईंनी कवळी काढून हातात धरली. “दिसायला छान आहे हो, पण चावलं की उचलते.” डॉक्टर मला म्हणाले, “बघा तुमचं मशीन. हाताने करून द्या.”

लागलं मला ते. कारण मशीनला हाताची जाण नसते, हे पूर्वी मीच सगळ्यांना सांगत असे. त्याच स्कॅनचं मॉडेल प्रिंट करून, त्यावरून मेणाची फ्रेम करून ओतली. जीव ओतून केली. पुन्हा तेच बोट, तीच जागा, आणि रेस्ट तसाच वर.

चावताना दात जबड्यात नावालाच हलतो. हिरडी त्याच्या कितीतरी पट दबते. स्कॅनरला दिसते ती न दबलेली हिरडी. मग डॉक्टरांनी लेझरच्याच फ्रेमला मागे माप घ्यायचे छोटे ट्रे जोडले, फ्रेम दातांवर घट्ट धरली, जीभ-गाल हलवून फक्त हिरडीचं माप घेतलं. आम्ही मॉडेलचा मागचा भाग कापून त्या मापावर नवा ओतला आणि कवळीचा मागचा भाग नव्याने केला. ही रीत संगणकाच्या कितीतरी आधीची. या वेळी बोट दाबलं तर रेस्ट जागचा हलला नाही.

म्हणजे मी मशीनवाला झालो? नाही. मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंना दात असतील तर मी बेधडक लेझर सांगतो. फाइल जपलेली असते. कवळी हरवली आणि तोंडात काही बदललं नसेल तर पुन्हा करता येते. पण मागे दात नसलेल्या केसमध्ये शेवटच्या दाताला क्लास्प म्हणून मला अजून हाताने वाकवलेली तारच हवी असते. ती लवचिक असते, फुगवट्याखाली ०.५ मिमी जाऊनही दाताला कमी ओढते. यावर लॅबमधली तरुण मुलं माझ्याशी भांडतात. म्हणतात, हिरडीचं ते मापही स्कॅन करा आणि पुढचं सगळं मशीनवर सोडा. करता येतं, हे मला मान्य आहे. तारेचं मात्र मी अजून सोडलेलं नाही.