मुलांच्या पुढ्यात आधी परात ठेवा

मुलांना स्वयंपाकाची गोडी लागावी म्हणून आपण बहुतेकदा सँडविच किंवा भेळेपासून सुरुवात करतो. त्यात मुलं नुसतं रचतात, कालवतात. माझं मत ठाम आहे: सुरुवात पीठ मळण्यापासून करावी. पाणी जास्त झालं की पीठ चिकटतं, कमी पडलं की भेगा पडतात. कोणी सांगायच्या आधी मुलाच्या हाताला ते कळतं.

पाच-सहा वर्षांचं मूल ओट्यापाशी उभं केलं तर ओटा छातीला लागतो, स्टूल दिलं तर ते डगमगतं, आणि शेजारीच गॅस असतो. त्यापेक्षा परात जमिनीवर घ्या. खाली ओलं फडकं घातलं की ती फिरत नाही, आणि गुडघ्यांवर बसलं की अंगाचा भार आपोआप हातावर येतो. पीठही बेताचंच द्या: एक वाटी कणीक, चिमूटभर मीठ, चमचाभर तेल. पाणी अर्धी वाटी मोजून ठेवा आणि चमच्याचमच्याने घालायला सांगा, थोडं उरेलच. वाटीच हातात दिली तर मुलं ती एकदम उपडी करतात. मग चिखल, मग वर पीठ, पुन्हा पाणी, असं करत गोळा दुप्पट होतो. मळून झाल्यावर गोळा खडबडीत दिसला तरी पाणी वाढवू नका. वीस-पंचवीस मिनिटं झाकून ठेवला की पीठ पाणी पितं, ताण सुटतो. झाकण्याआधी आणि नंतर बोटाने दाबून बघायला लावा, हा फरक मुलांना फार आवडतो.

पहिल्यांदा पोळी लाटायला देऊ नका, पुरी द्या. पीठ घट्ट असतं, आकार तळहाताएवढा, आणि वेडीवाकडी झाली तरी फुगते. मुलं लाटणं मधोमध दाबतात, त्यामुळे मध्य पातळ आणि कडा जाड राहतात. अशी पुरी फुगत नाही. लाटणं कडेकडेने फिरवायला दाखवा. लाटताना पिठी नको, तेलाचं बोट पुरे, नाहीतर पिठी कढईत जळून तेल काळं होतं. तळण मात्र मोठ्यांनीच करायचं. आणि त्याची पुरी गुपचूप पुन्हा लाटू नका, त्याच्याच ताटात वाढा.

शंकरपाळ्यांत मुलांना सगळ्यात प्रिय म्हणजे कातणं. त्याला सुरीसारखी धार नसते, आणि नागमोडी कड उमटताना बघायला मजा येते. अर्धी वाटी दूध, अर्धी वाटी साखर, अर्धी वाटी तूप गरम करून साखर पूर्ण विरघळवा, गार होऊ द्या, मग मावेल तेवढा मैदा, साधारण अडीच वाट्या. आधी एकच शंकरपाळी मंद आचेवर तळून बघा. तेलात विरघळायला लागली तर तूप जास्त झालंय, थोडा मैदा मळून घ्या.

खरी कसोटी उकडीच्या मोदकाची. सात-आठ वर्षांच्या मुलाला ते जमतात, फक्त उकड मोठ्यांनी मळून द्यावी, कारण ती गरम असतानाच मळावी लागते. एक वाटी पाणी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. उकळी आली की एक वाटी तांदळाची पिठी घालून ढवळायचं, झाकून दोन वाफा आणायच्या. मळलेली उकड ओल्या फडक्याखाली ठेवा. मुलाने लिंबाएवढी गोळी घ्यावी, अंगठा आत आणि बाकीची बोटं बाहेर ठेवून गोळी फिरवत पारी करावी. बूड थोडं जाड आणि कड पातळ हवी. मुलं नेमकं उलट करतात आणि मोदक खालून फुटतो. पाकळ्या पहिल्यांदा पाच-सहाच काढू द्या, सुबक एकवीस पाकळ्यांचा आग्रह नको. चिमटीत कड धरून पाकळी मुळापर्यंत दाबायची. नुसतं टोक चिमटलं तर मिटताना ती पुसली जाते. सारण चमचाभरच. कड तडकली तर उकड सुकलीय, पाण्याचं बोट लावून पुन्हा मळून घ्यायची. भांड्यातलं पाणी आधी उकळलेलं हवं, मग दहा-बारा मिनिटं वाफ.

उकड उरली की मुलाच्या हवाली करा. त्यात वाटलेली हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर, मीठ घालून चपट्या निवग्या थापायच्या आणि मोदकांमागून त्याच भांड्यात वाफवायच्या. यात चुकण्यासारखं काही नाही, म्हणून ज्याचे मोदक फुटले त्याने त्या आवर्जून कराव्यात. वरून कच्चं तेल घालून गरमगरम खायच्या.